ताइस्तोचे शर्ट

नळ पुरता फिरवूनही पाणी आलं नाही. आत कुठेतरी हवा घरघरली, दोन थेंब पडले आणि बागेतला नळ गप्प झाला. हिल्का हात पुढे धरून तशीच उभी राहिली. डेलियाचे कंद उकरून काढताना कोपरापर्यंत माती लागली होती. नखांत, बोटांच्या पेरांत, अंगठीखाली. ऑक्टोबरातली गार, चिकट माती.

"पाणी आजपासून बंद, हिल्का!" कुंपणापलीकडून पेन्त्ती ओरडला. या बागांच्या मंडळाचं पाणी, फाटकाची कुलपं, पालापाचोळा जाळायच्या वेळा, सगळं तोच बघायचा. "फळ्यावर लिहिलं होतं की आठवडाभर."

"लक्षातच राहिलं नाही."

"तुझ्या?" पेन्त्ती हसला. "अगं, तुला विचारून आम्ही फळ्यावर तारखा लिहायचो!"

त्याच्या मनात काही नव्हतं. पण ते हसणं तिच्या अंगावर आलं. तिच्या नवऱ्याचं, ताइस्तोचं विसरणंही असंच सुरू झालं होतं, चार वर्षांपूर्वी, याच नळाशी. भर पावसात तो बटाट्याच्या वाफ्याला पाणी घालत उभा होता, टोपीवरून थेंब गळत होते, आणि ती बागेतल्या खोलीच्या दारातून ओरडली होती, "अरे, वरून पडतंय ते काय आहे?" तोही हसला होता. त्या दिवशी ती दोघं त्या गोष्टीवर संध्याकाळपर्यंत हसत होती. आता तिने मातीचे हात गवतावर पुसले, मग पिवळ्या पानांवर पुसले. माती निघायच्या ऐवजी पसरली. कंद वाळूच्या पेटीत घालून झाले होते, बेरीची झुडपं बर्फाच्या ओझ्याने फाकू नयेत म्हणून दोरीने आवळून बांधली होती, स्ट्रॉबेरीवर पानांचं पांघरूण घातलं होतं. खोलीतल्या गाद्या उंदरांना मिळू नयेत म्हणून तारेवर लटकवायच्या राहिल्या होत्या. ते काम दोघांचं. एकाने गादी उचलायची, दुसऱ्याने तार ओढायची. तिने गादी खांद्यावर घेऊन पाहिली, मग गुडघ्यावर, मग डोक्यावर. शेवटी दोन्ही गाद्या टेबलावर टाकल्या आणि उंदरांना काय करायचं ते करू दे म्हणून दाराला कुलूप लावलं.

बसमध्ये तिने हात सफरचंदांच्या पिशवीखाली लपवले. हीच बस ताइस्तोने सव्वीस वर्षं चालवली. याच वळणावर तो वेग कमी करायचा आणि आरशातून मागे बघायचा, ती चढली की नाही ते. आताचा ड्रायव्हर तरुण होता, कानात काहीतरी घालून बसला होता. गाडी कापडगिरणीवरून गेली. हिल्काने आयुष्यातली अठ्ठावीस वर्षं त्या लाल विटांच्या आत उभ्याने काढली होती. आता तिथे दुकानं आहेत, कॉफी मिळते, लोक भिंतींचे फोटो काढतात. तिला थकवा आला होता, पण तो बागेचा नव्हता. बागेचा थकवा तिला ओळखीचा होता. तो कमरेत बसायचा आणि रात्रीच्या झोपेने निघून जायचा. हा दुसरा कुठेच बसत नव्हता. चहा ढवळताना हातात यायचा, बुटाची नाडी बांधताना मानेत यायचा. ऑगस्टपासून तो तिच्या बरोबरच राहत होता.

ऑगस्टमध्ये ताइस्तोला निवासात ठेवलं. तलावाच्या पलीकडे, म्हाताऱ्यांसाठी असतं तसं एक. टॅक्सी आली तेव्हा त्याने शहाण्यासारखी टोपी मांडीवर घेतली होती. दारात त्याने विचारलं, "किती दिवस?" आणि ती पटकन बोलून गेली, "बटाटे काढायला येशील की तू." हे वाक्य कुठून आलं ते तिचं तिलाही कळलं नाही. सप्टेंबरात त्याने तीन वेळा विचारलं, "काढले का गं बटाटे?" आणि तीनही वेळा ती म्हणाली, "नाही अजून." बटाटे तोवर तळघरात पोत्यात होते. चौथ्या भेटीत त्याने विचारलं नाही. तिने वाट पाहिली, कोट घातला, बटणं लावली, दारापर्यंत गेली. त्याने विचारलं नाही ते नाहीच.

आणि गेल्याच भेटीत सान्नाने, तिथल्या नर्सने, तिच्या हातात एक मोठी पिशवी दिली. "हिल्काबाई, हे त्यांचे शर्ट घेऊन जा. बटणं लावताना फार चिडतात हो. सकाळी अर्धा अर्धा तास जातो. डोक्यातून घालायचे, सैल, असं काहीतरी आणाल का?" पोरगी गोड होती. तिने शर्टांच्या घड्या घालून दिल्या होत्या.

ती पिशवी नऊ दिवस दाराशी कोटांच्या खाली पडून होती. हिल्काने तेवढ्या दिवसांत घराला हिवाळ्यासाठी तयार केलं. दुहेरी खिडक्यांच्या फटीत कापूस भरला, वरून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. सफरचंदाच्या चकत्या दोऱ्यात ओवून शेगडीवर टांगल्या. मधोमध विरलेली चादर उभी फाडून, कडा मध्ये आणून शिवली. जुना स्वेटर उसवून लोकरीचे गुंडे केले. तिची आई अशीच होती. युद्धाच्या वर्षांत कागदी सुताचे अंगरखे घालून वाढलेली माणसं, त्यांच्या हातून काही टाकलं जात नसे. आई म्हणायची, बाहेरचं काम पोटाचं आणि आतलं काम डोक्याचं. हात चालू ठेव, डोकं आपोआप गप्प बसतं. हिल्काचं डोकं गप्प बसत नव्हतं. चादर शिवताना मशिनची सुई खालीवर होत होती आणि तिला पुन्हा पुन्हा दिसत होतं की ताइस्तो पलंगाच्या कडेला बसलाय, कुणीतरी परकं त्याच्या गळ्याशी वाकून बटण लावतंय, आणि तो हात झटकतोय. ताइस्तो कधी चिडायचा नाही. बसमध्ये दारुडे शिव्या द्यायचे तरी चिडायचा नाही.

स्टॉकहोमहून उल्लाचा फोन आला. "आई, बाग देऊन टाक आता. एकटीने किती उपसशील?"

"उपसलं सगळं. पाणीसुद्धा बंद झालं."

"पुढच्या वर्षीचं म्हणतेय मी."

"पुढचं वर्ष आहे कुठे अजून?"

"आई, तू जेवतेस ना वेळेवर?"

"बटाटे आहेत पोतंभर," हिल्का म्हणाली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हात फोनवरच राहिला.

दहाव्या दिवशी तिने पिशवी उघडली. सतरा शर्ट. त्यातले अकरा बस कंपनीचे, फिकट निळे, धुऊन धुऊन मऊ झालेले. चार चौकटीचे, बागेतले. एक पांढरा. एक तिनेच शिवलेला, कॉलर दोनदा उलटवून लावलेला. हे आता कुणाला द्यायचे? चर्चच्या पेटीत टाकले तर एखाद्या दिवशी चौकात त्याचा शर्ट समोरून चालत येईल. ठेवायचे तर कशासाठी? तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिला शर्ट पसरला, बटणं काढून डब्यात टाकली आणि खालच्या कडेपासून बोटभर रुंदीची पट्टी कापायला सुरुवात केली. गोल गोल, तुटू न देता, बाहीच्या मुंढ्यापर्यंत. कात्री कापडातून जाताना जो करकर आवाज येतो तो तिला लहानपणापासून आवडायचा. आज त्या आवाजाने दातात कळ गेली. जिवंत माणसाचे कपडे आपण कापतोय, असं स्पष्ट शब्दांत तिच्या मनात आलं. तिने कात्री खाली ठेवली नाही.

बिल्डिंगच्या तळघरात, सॉनाच्या, म्हणजे सगळ्यांच्या वाफेच्या न्हाणीघराच्या शेजारच्या खोलीत एक माग होता. सगळ्या भाडेकरूंचा. दारावर यादी टांगलेली असायची. ज्याने त्याने आपलं नाव घालायचं, दोन आठवडे माग त्याचा. चिंध्यांच्या सतरंज्या विणायला बायका ऑक्टोबरची वाटच बघत. हिल्काचं नाव महिनाअखेरीला होतं आणि तिच्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या एल्वीचं. गिरणीत चोवीस माग एकटीने सांभाळणाऱ्या हिल्काला हा लाकडी माग खेळण्यासारखा वाटायचा. पण त्याचं एक बरं होतं, तो तिच्या चालीने चालायचा. पायाखालची पावडी दाबली, चिंध्यांची पट्टी गुंडाळलेला धोटा सरकवला, फणी ठोकली. निळा, निळा, निळा, मग चौकटीतला लाल. ठोक बसला की खांद्यापासून पाठीपर्यंत हादरा जायचा आणि त्या हादऱ्यात दोन क्षण कसलाच विचार नसायचा.

तिसऱ्या दिवशी एल्वी खाली आली, धुण्याची बादली कमरेवर घेऊन. बडबडी बाई, सहा वर्षांपूर्वी नवरा गेलेला. सबंध उन्हाळा बहिणीकडे गावी काढून नुकतीच परतली होती.

"अगं, काय सुंदर निळा आहे गं! विकत घेतल्यास काय चिंध्या?"

"शर्ट आहेत. ताइस्तोचे."

एल्वीने बादली खाली ठेवली. ओला हात तोंडावर नेला. "अगं बाई. कधी?"

"ऑगस्टमध्ये," हिल्का म्हणाली. त्याला नेलं ते ऑगस्टमध्येच.

"ऑगस्टमध्ये! आणि मला एका शब्दाने कुणी कळवलं नाही. अगं, मी आले असते की! शांतपणे गेला ना?"

मांडीवर टोपी घेतलेला ताइस्तो टॅक्सीच्या काचेतून समोर बघत होता. "हो. शांतपणे गेला," हिल्का म्हणाली. आणि एल्वीने तिला मिठी मारली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की एल्वी काय समजलीय. साबणाचा वास, ओला एप्रन, आणि कुणाची तरी हनुवटी आपल्या डोक्यावर टेकलेली. इतकं जवळ गेल्या तीन महिन्यांत कुणी आलं नव्हतं. आता सांगायला हवं, आत्ता, ही सोडेल तेव्हा. पण एल्वी लवकर सोडेना. आणि हिल्काच्या छातीतून काहीतरी वर यायला लागलं, ऑगस्टपासून अडकलेलं, ओकारीसारखं, आणि ती रडली. मोठ्याने, तोंड उघडून, मागावर बसून. त्या रडण्यानंतर खुलासा करण्याची सोय उरली नाही.

"माती कुठे दिली?" एल्वीने हळूच विचारलं.

"त्याच्या गावी," हिल्का म्हणाली. हे मात्र सरळसरळ खोटं होतं. ते तिने डोळे पुसता पुसता, अगदी सहज सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला वेलदोड्याचा गोड पाव लटकत होता, फडक्यात बांधलेला, अजून कोमट. पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने जिन्यात टोपी काढली. शुक्रवारी सॉनात बायका एकदम गप्प झाल्या, वरच्या बाकावर मधली जागा तिला दिली, आणि दगडांवर पहिलं पाणी टाकायचा डवला एल्वीने तिच्या हातात दिला. वाफ उठली, कानांना चटका बसला, कुणाचा तरी घामट दंड तिच्या दंडाला टेकून राहिला. त्या रात्री हिल्का सलग सात तास झोपली.

उठली ती लाजेने. मग पाव कापून खाल्ला. तिला स्वतःचा राग येत होता, पण त्या रागातही एक हट्ट होता. ऑगस्टमध्ये टॅक्सी गेल्यावर ती रिकाम्या घरात आली होती तेव्हा कुणी पाव आणला होता? माणूस निवासात ठेवला की लोक विचारतात, खोली चांगली आहे ना, जेवण कसं असतं, तुला आता जरा मोकळं वाटत असेल. त्याच्यासाठी टोपी काढत नाहीत. चाळीस वर्षं शेजारी झोपलेला माणूस तिला ताई की बाई म्हणावं अशा विचारात बघत बसतो, त्याला नाव काय? त्याच्या नावाने रडायची रीत नाही. ती एल्वीने चुकून दिली आणि हिल्काने घेतली. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचं. रोज तळघरात जाऊन विणायची. सतरंजी बोट बोट वाढत होती आणि तिने त्या आठवड्यात निवासाची भेट चुकवली. सर्दी आहे असं फोनवर कळवलं. सर्दी नव्हती. मेलेल्या माणसाला भेटायला जायचं कसं, असा एक वेडा अडसर तिच्या मनात उभा राहिला होता.

नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी, मृतांच्या सणाला, चार वाजता अंधार पडला तेव्हा दाराची घंटा वाजली. एल्वी होती. टोपीवर बर्फाचे कण, कोटाला मेणाचा धुरकट वास.

"माझ्या माणसाकडे जाऊन आले," ती म्हणाली. "आणि लांब पुरलेल्यांसाठी तो दगड आहे ना दफनभूमीत, तिथे ताइस्तोच्या नावाने एक मेणबत्ती लावली. म्हटलं, तुला त्याच्या गावी जायला जमणार नाही."

हिल्काने चौकटीला धरलं. "एल्वी, ताइस्तो जिवंत आहे."

"हो गं, आपल्यासाठी ते असतातच."

"तसं नाही. खरंच जिवंत आहे. तलावापलीकडच्या निवासात. ऑगस्टपासून. तो मला ओळखत नाही."

एल्वीने तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे, मग आत टांगलेल्या सफरचंदांच्या माळांकडे. "जिवंत आहे," ती म्हणाली. "आणि मी त्याच्या नावाने मेणबत्ती लावून आले. गुडघे दुखतायत, तरी वाकून!"

"मी सांगणार होते."

"कधी? वर्षश्राद्धाला?" एल्वीचा आवाज चिरकला. "सगळ्या जिन्याला सांगितलं गं मी! त्या म्हाताऱ्याला सांगितलं! आता काय सांगू, उठला म्हणून?" ती वळली आणि कठडा धरत वर गेली. तिचं दार मोठ्याने बंद झालं. हिल्का जिन्यातला दिवा आपोआप विझेपर्यंत उभी राहिली. अपमान वाटायला हवा होता. वाटला तो फक्त शीण. पण तो आता कमरेत होता.

सोमवारपासून जिन्यात कुणी टोपी काढली नाही. म्हातारा भिंतीकडे बघत गेला. गुरुवारी हिल्काची मागाची मुदत संपत होती. शेवटचा निळा ठोकून झाला. आता ताण्याचे उभे दोर कापून सतरंजी मागावरून उतरवायची. दारात पावलं वाजली. एल्वी आत आली, दुसऱ्या बाजूला उभी राहिली आणि सतरंजीची कड दोन्ही हातांनी ताणून धरली.

"काप," ती म्हणाली. "उद्यापासून माझी पाळी आहे, म्हणून आले."

हिल्काने कापायला सुरुवात केली. दोर सुटत गेले. दोघी जमिनीवर बसून टोकांना गाठी मारू लागल्या.

"माझा गेला तेव्हा," एल्वी गाठीकडे बघत म्हणाली, "तीन महिने मी रोज दोन कप कॉफी ओतत होते. मेलेल्याला जिवंत ठेवला. तू उलटं केलंस, एवढंच." तिने दाताने दोरा तोडला. "पण पाव परत दे म्हणणार नाही."

"संपला."

"कसा होता?"

"वेलदोडा जरा जास्त झाला होता."

"बघा! खोटारडी ती खोटारडी, वर तोंड बघा," एल्वी म्हणाली, आणि तिच्या नाकातून हसू फुटलं. मग दोघींनी सतरंजी गुंडाळली. जिन्यातून वर नेताना एक टोक एल्वीच्या खांद्यावर होतं.

रविवारी हिल्काने ती निवासात नेली. सान्नाने हात फिरवून कौतुक केलं आणि मान हलवली. "जमिनीवर नाही टाकता येणार, हिल्काबाई. पाय अडकून पडतात हो. नियम आहे." हिल्काला हे आधी कळायला हवं होतं. दोन आठवड्यांचं काम हातात घेऊन ती कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. मग खोलीत गेली.

ताइस्तो खिडकीशी बसला होता. राखाडी, डोक्यातून घालायचा सैल बनियनसारखा कपडा. त्यात तो लहान दिसत होता, आणि मान उघडी. तिने सतरंजी दुहेरी करून त्याच्या मांडीवर घातली. जड होती. त्याने हात वर ठेवले, बोटांनी निळ्या पट्ट्यांवरून इकडून तिकडे चाचपलं, मग बोटं थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, अनोळखी प्रवाशाकडे तो ज्या अदबीने बघायचा तसं.

"तुम्ही विणली?"

"हो."

"छान आहे. घट्ट आहे." तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. तलावाच्या कडेला पातळ बर्फ धरू लागला होता. "बाई, विचारलं तर चालेल? तुमचे यजमान आहेत?"

हिल्काने खुर्ची जवळ ओढली. एवढ्या दिवसांत हाच प्रश्न तिला कुणी असा सरळ विचारला नव्हता.

"आहेत," ती म्हणाली.

"मग बरं," ताइस्तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं. "मग फार वेळ थांबू नका इथे. अंधार लवकर पडतो. वाट बघत असतील."

"शेवटची बस सातची आहे," हिल्का म्हणाली. तिने कोटाची बटणं सोडली आणि कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला.